मीठ पुढे, पाणी मागे

आत्याचा रिपोर्ट माझ्या हातात होता. सोडियम ११९. शेजारी बारीक अक्षरात १३५ ते १४५ हा नेहमीचा पल्ला छापलेला. दोन दिवस ती बोलता बोलता शब्द विसरत होती, चालताना भिंतीचा आधार घेत होती, म्हणून आतेभावानं तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून दाखल करून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या: बीपीची नवी गोळी आजपासून बंद, आणि दिवसभरात पाणी एक लिटरच्या वर नाही.

"सोडियम कमी आहे ना?" आतेभाऊ कॉरिडॉरमध्ये मला म्हणाला. "मग मीठ द्यायला हवं. हे पाणी काय तोडतायत? ताई, तू शिकवतेस ना हे सगळं?"

शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी शिकवते. पण उभ्या उभ्या दोन वाक्यांत देता येईल असं याचं उत्तर नाही. ते उत्तर किडनीतल्या एका बारीक नळीच्या शेवटाकडे दडलंय, आणि तिथे पोचायचं तर नळी सुरुवातीपासून चालत जावी लागते. त्या दिवशी राहिलेलं ते बोलणं आज पुरं करते.

किडनी रक्त गाळते हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाळणं हा या कामातला सोपा भाग. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एका टोकाला केशवाहिन्यांचा गुच्छ आणि त्याला जोडलेली, वेडीवाकडी वळणं घेत जाणारी, काही सेंटिमीटर लांबीची नळी. गुच्छातून रक्त दाबानं जातं तेव्हा पाणी आणि पाण्यात विरघळलेलं सगळं बारीकसारीक नळीत उतरतं. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी म्हणून मागे राहतात. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला सव्वाशे मिलिलिटर गाळतात. दिवसाचा हिशेब केला तर १८० लिटर. घरी पाण्याचे वीस लिटरचे जार येतात ना, तसे नऊ जार. आपल्या अंगात रक्ताचा पातळ भाग असतो जेमतेम तीन लिटर. तोच दिवसातून साठ वेळा गाळला जातो.

मिठाचा आकडा याहून चक्रावणारा आहे. त्या १८० लिटरमधून जितकं सोडियम नळीत उतरतं, ते मिठाच्या रूपात तोललं तर दीड किलो भरेल. आपण दिवसभरात मीठ खातो आठ-दहा ग्रॅम. म्हणजे किडनी रोज दीड किलो मीठ ताटाबाहेर काढते आणि त्यातलं आठ-दहा ग्रॅम सोडून बाकी सगळं परत वाढून घेते. पाण्याचंही तसंच. नऊ जारांपैकी दीडेक लिटर लघवी, उरलेलं माघारी.

हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं मुलं विचारतात. जे टाकायचं तेवढंच वेचून टाकलं तर? मी त्यांना दिवाळीच्या साफसफाईची आठवण करून देते. माळा नीट आवरायचा तर एकेक अडगळीची वस्तू हुडकत बसत नाहीत. सगळं खाली उतरवतात आणि हवं तेवढंच वर ठेवतात. वर ठेवायचं काय हे माहीत असलं की पुरे. टाकायच्या वस्तूंची यादी लागत नाही. किडनीला साखर ओळखता येते, सोडियम ओळखता येतं. कालपर्यंत पृथ्वीवर नसलेलं एखादं रसायन पोटात गेलं तर ते तिला ओळखता येणार नाही, पण ओळखायची गरजही नाही. कुणी उचललं नाही म्हणजे ते वाहून गेलं. (काही पदार्थ नळीच्या भिंतीतून मुद्दाम आतही ढकलले जातात, पण ती आजची गोष्ट नाही.)

आधी सगळं बाहेर आणि मग हवं ते आत, हे मान्य व्हायला बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकात यावर चांगलंच भांडण होतं. ते मिटवण्यात एका बेडकाचा मोठा वाटा आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड्स आणि वर्न यांनी केसाहून बारीक टोकाची काचेची नळी जिवंत बेडकाच्या किडनीत, थेट गुच्छाभोवतीच्या पेल्यात खुपसली आणि तिथला थेंबभर द्रव काढला. त्यात साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. मग मधल्या वाटेत साखर गेली कुठे? नळीनं परत घेतली. एवढ्या थेंबभर पुराव्यावर आजचं सगळं उभं आहे.

आता मूळ प्रश्न. दिवसाला पावणेदोनशे लिटर पाणी परत ओढतो कोण?

कुणीच नाही. पाण्याचा पंप शरीरात कुठेही नाही. हे पचायला जड जातं, म्हणून कैरीच्या लोणच्याकडे वळू. कैरीच्या फोडींना मीठ चोळून रात्री पातेलं झाकून ठेवलं की सकाळी तळाशी पाणी सुटलेलं असतं. ते पाणी कुणी पिळून काढलेलं नसतं. फोडीच्या बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून पाणी आपण होऊन तिकडे गेलं. याला परासरण म्हणतात. किडनीची नळी हेच करते: मीठ भिंतीपलीकडे नेऊन ठेवते आणि पाणी त्याच्या मागोमाग येतं. मीठ पुढे, पाणी मागे. एवढं धरून ठेवलं तर पुढचा अर्धा प्रवास सोपा आहे. उरलेला अर्धा अवघड यासाठी की तिथे ही जोडी मुद्दाम फोडलेली आहे.

मीठ पलीकडे नेणारा पंप मात्र खरोखरचा आहे. नळीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. प्रत्येक पेशीला दोन तोंडं: एक नळीच्या पोकळीकडे, दुसरं रक्ताकडे. पंप बसवलेत ते रक्ताकडच्या तोंडाला. एका फेरीत एक पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. अविरत उपसा चालू असल्यामुळे पेशीच्या आत सोडियम अगदी कमी उरतं, बाहेरच्या दहाव्या हिश्श्याइतकं. शिवाय आतला भाग विजेच्या दृष्टीनं ऋण, आणि सोडियम धन. विहिरीतलं पाणी उपसलं की झरे वाहू लागतात तसं नळीतलं सोडियम पेशीत यायला आतुर झालेलं असतं. फक्त दार हवं.

दारं आहेत पोकळीकडच्या तोंडाला, आणि नळीच्या प्रत्येक टप्प्यावर ती निराळी आहेत. पंप सगळीकडे एकच, दारं वेगवेगळी. हृदयविकारात, बीपीत, मधुमेहात दिली जाणारी कितीतरी औषधं म्हणजे यातल्या एकेका दाराला घातलेलं कुलूप.

या पंपाचा शोध किडनीत लागला नाही. डेन्मार्कमध्ये येन्स स्को यांना तो खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत सापडला. निबंध १९५७चा, नोबेल १९९७चं. चाळीस वर्षं.

चला नळीत. पहिला टप्पा गुच्छाला लागूनच, गुंतवळासारखा. गाळलेलं सोडियम आणि पाणी यांचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग इथेच परत जातो. या पेशींच्या पोकळीकडच्या बाजूला दाट ब्रशसारखे तंतू असतात, म्हणजे दारं बसवायला भरपूर भिंत. इथलं सोडियम एकटं आत येत नाही. काही दारांतून ते साखरेचा हात धरून येतं, काहींतून अमिनो आम्लाचा, आणि सगळ्यांत जास्त येतं ते अदलाबदलीनं: एक सोडियम आत, एक आम्लाचा कण बाहेर. पंपानं खर्च केलेल्या ऊर्जेवर इतकी मंडळी फुकट प्रवास करून घेतात. पाण्यासाठी भिंतीत कायमची उघडी छिद्रं आहेत, त्यामुळे मीठ गेलं की पाणी लगेच तितक्याच प्रमाणात जातं. टप्पा संपताना द्रव एक तृतीयांश उरलेला असतो, पण खारटपणा रक्ताइतकाच. डाळ आटली, पण चव तीच.

परत घेतलेलं हे पाणी रक्तात शिरतं ते कशामुळे, तेही सांगते, कारण ते मला फार आवडतं. नळीभोवती ज्या केशवाहिन्या असतात त्यांत येणारं रक्त त्याच गुच्छातून नुकतंच निघालेलं असतं. पातळ भाग गाळला गेला, प्रथिनं मागे राहिली, म्हणजे रक्त दाट झालं. दाट रक्त पाणी शोषून घेतं. गाळण्यामुळेच परत घेण्याची सोय झाली.

साखरेच्या दाराबद्दल थोडं थांबू, कारण ते घरोघरी पोचलंय. रक्तातली साखर साधारण १८०च्या आत असेल तर ही दारं सगळी साखर परत घेतात. त्याच्या वर गेली की दारं अपुरी पडतात, साखर नळीत उरते आणि पाण्याला धरून ठेवते. मधुमेह हाताबाहेर गेला की सारखी लघवी आणि सारखी तहान, ती यामुळे. उलट हेच दार मुद्दाम बंद केलं तर? जास्तीची साखर लघवीवाटे जाईल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे गोळ्या हेच करतात. त्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ मध्ये सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला गेला, त्यानं लघवीत साखर उतरते हे पुढे कळलं, आणि त्यातून कामाची गोळी व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली.

साखर आणि सोडियम हातात हात घालून आत जातात, ही जोडी आतड्यातही आहे. रॉबर्ट क्रेन यांनी ती कल्पना १९६०मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. जुलाबात मिठाच्या पाण्यात साखर का घालतात याचं उत्तर हेच. साखर गोडीसाठी नसते. ती मिठाला आत नेते आणि मीठ पाण्याला. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकी पसरली तेव्हा सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचं पाणी तोंडानं पाजून असंख्य जीव वाचवले.

दुसरा टप्पा म्हणजे हेन्लेचं वळण. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हेन्ले यांनी १८६२मध्ये त्याचं वर्णन केलं, पण नळी इथे किडनीच्या सालीकडून गाभ्यात सरळ खाली जाऊन केसाच्या पिनेसारखी वळून परत वर का येते, हे त्यापुढे ऐंशी वर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं. इथेच मीठ आणि पाणी यांची ताटातूट होते.

खाली जाणाऱ्या भिंतीतून पाणी जाऊ शकतं, मीठ फारसं नाही. वर येणाऱ्या जाड भिंतीतून मीठ जातं, पाणी थेंबभरही नाही. वर येणाऱ्या बाजूचं दार एका वेळी एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे चौघे घेऊन आत येतं. गाळलेल्या सोडियमचा पाव भाग इथे परत जातो. पण पाण्याला वाट नाही, म्हणून ते नळीतच राहतं आणि अळणी होत जातं. बाहेर गाभ्यात मात्र मीठ साचतं.

किती साचतं? या भिंतीला स्वतःच्या बळावर आतबाहेरच्या खारटपणात साधारण २०० एककांचाच फरक ठेवता येतो. (एकक म्हणजे मिलिऑस्मोल, रक्ताचा खारटपणा या मापात २९०च्या आसपास.) तरी गाभ्याच्या तळाशी खारटपणा १२००पर्यंत जातो, रक्ताच्या चौपट. दोनशेची ताकद आणि चौपट मजल, ही करामत त्या पिनेच्या आकाराची. सोयीसाठी सगळीकडे ३०० धरू. वर येणारी बाजू मीठ बाहेर टाकते: आत २००, बाहेर ४००. बाहेर ४०० झालं म्हणून शेजारच्या खाली जाणाऱ्या बाजूतलं पाणी निघून जातं आणि तिथला द्रवही ४०० होतो. प्रवाह पुढे सरकतो. आता वळणावरून वर येतो तो ३००चा नव्हे, ४००चा द्रव. त्यातून पुन्हा दोनशेचा फरक: आत ३००, बाहेर ५००. पुन्हा पुढे. प्रत्येक खेपेला आधीच्या खेपेची कमाई पायाशी असते. युरियाही, म्हणजे प्रथिनं मोडल्यावर उरणारा पदार्थ, गाभ्यात साठून यात मोठी भर घालतो. स्वित्झर्लंडमधले वेर्नर कून यांनी ही कल्पना १९४२च्या सुमारास मांडली. ते भौतिक रसायनशास्त्राचे, डॉक्टर नव्हेत. १९५१मध्ये बासेलमध्ये उंदरांच्या किडनीचे गोठवलेले पातळ काप तपासून गाभ्याकडे खारटपणा खरोखर वाढत जातो हे दाखवलं गेलं.

वर्गात फळ्यावर हे आकडे मांडताना मागच्या बाकावरचा एखादा तरी मान वर करतो. त्या एका मानेसाठी मी दरवर्षी खडू झिजवते.

वाळवंटातल्या काही उंदरांची ही वळणं भलतीच लांब असतात. त्यांची लघवी आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी घट्ट होते आणि पाणी न पिता कोरड्या दाण्यांवर त्यांचं भागतं. आपलं नाही भागत. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि इतकं घट्ट मीठ लघवीतून काढणं माणसाच्या किडनीच्या आवाक्याबाहेर आहे. समुद्राचं पाणी पिणाऱ्याला ते मीठ काढायला प्यायल्याहून जास्त पाणी खर्ची घालावं लागतं. कोकणातला खलाशी हे न शिकता जाणतो.

वर येणाऱ्या बाजूच्या दाराला कुलूप घालणारं औषध म्हणजे फ्युरोसेमाइड. पाय सुजलेल्या, दम लागणाऱ्या हृदयरोग्यांच्या डब्यात ते असतंच. पाव भाग मिठाचं दार बंद, शिवाय गाभा खारट करणारं यंत्रही बंद, म्हणून त्याचा जोर मोठा. असर सहाएक तासांचा; ती गोळी सकाळी घ्यायला सांगतात ती रात्रीची झोप वाचावी म्हणून. हे लक्षात ठेवा, आत्याच्या गोळीशी तुलना करायला लागणार आहे.

वर आल्यावर नळी एक गंमत करते. ज्या गुच्छातून ती निघाली त्यालाच येऊन टेकते. तिथे काही खास पेशी नळीतलं मीठ जोखतात. फार मीठ येतंय, म्हणजे गाळण्याचा वेग जास्त झाला. गुच्छात रक्त आणणारी वाहिनी आवळली जाते. मीठ कमी येतंय, तर वाहिनी सैल होते आणि रेनिन नावाचं रसायन सुटतं. दहा लाख नळ्या, प्रत्येकीचा मुकादम वेगळा.

तिसरा टप्पा छोटा. पाचेक टक्के सोडियम. दार सोडियम आणि क्लोराइडला मिळून नेणारं, आणि भिंत इथेही पाणी न जाऊ देणारी. म्हणजे अळणी झालेला द्रव इथे आणखी अळणी होतो. या दाराचं कुलूप म्हणजे थायाझाइड जातीची औषधं. बीपीच्या कितीतरी गोळ्यांच्या नावापुढे 'एच' अक्षर असतं ते हायड्रोक्लोरोथायाझाइडचं. आत्याची नवी गोळी एचवाली होती.

मग येते शेवटची, कित्येक नळ्या जिला मिळतात ती साठवणनलिका. ती सालीकडून पुन्हा त्या खारट गाभ्यातून खाली उतरते. सोडियम आता दोन-तीन टक्केच परत घ्यायचं असतं, पण दीड किलोचे दोन-तीन टक्के म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम, आपल्या रोजच्या मिठाच्या तिप्पट-चौपट. म्हणून शरीराचा खरा ताबा इथे आहे. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमानं इथली सोडियमची दारं वाढतात किंवा कमी होतात. ब्राझीलमधल्या यानोमामी लोकांच्या आहारात वरचं मीठ जवळजवळ नसतं. १९७५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या दिवसभराच्या लघवीत सोडियम एक मिलिमोलच्या आसपास निघालं. आपल्या लघवीत शंभर-दीडशे तरी असतं. त्यांचं अल्डोस्टेरॉन भरपूर होतं आणि बीपी म्हातारपणीही चढलेलं नव्हतं. उलट टोकाला लिडल यांच्या नावानं ओळखला जाणारा दुर्मिळ आजार: जनुकातल्या दोषानं हीच दारं उघडी राहतात, मीठ परत येत राहतं आणि तरुण वयातच बीपी चढतं.

राहिलं पाणी. साठवणनलिकेच्या भिंतीत पाण्याची छिद्रं कायमची नसतात. ती पेशीच्या आत, बारीक पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली असतात. रक्त जरा खारट झालं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्याचा निरोप पोचला की काही मिनिटांत पिशव्या भिंतीला येऊन जुळतात आणि छिद्रं उघडतात. बाहेर खारट गाभा वाटच बघत असतो. पाणी तिकडे निघून जातं, लघवी घट्ट होते. निरोप थांबला की छिद्रं पुन्हा आत. सकाळची पहिली लघवी गडद पिवळी का, तर रात्रभर पाणी पोटात गेलेलं नसतं आणि हा निरोप चालू असतो. दारू हा निरोप दाबते, म्हणून प्यायलेला माणूस सारखा उठतो आणि सकाळी त्याचा घसा कोरडा पडतो.

ही छिद्रं आहेत हेसुद्धा अलीकडचं ज्ञान. पीटर अ‍ॅग्री रक्तगटाशी संबंधित प्रथिनाच्या मागे होते. हाती आलं एक दुसरंच प्रथिन. ते त्यांनी बेडकाच्या अंड्यात तयार करवलं आणि अंडी अळणी पाण्यात सोडली. साधी अंडी तशीच राहिली, ही फुगली आणि फुटली. १९९२चा प्रयोग, २००३चं नोबेल.

आता आत्याकडे.

लघवी सगळ्यांत घट्ट लिटरमागे १२०० एकक आणि सगळ्यांत पातळ ५०, या दोन टोकांत किडनी खेळते. धडधाकट, नीट जेवणारा माणूस दिवसाला क्षार आणि युरिया मिळून ६०० एकक बाहेर टाकतो. ते १२००नं काढले तर अर्धा लिटर लघवी पुरते. ५०नं काढले तर बारा लिटर लागते. म्हणून असा माणूस दिवसाला पाच लिटर पाणी प्यायला तरी त्याचं बिघडत नाही. जास्तीचं पाणी काढायचं तर लघवीत विरघळायला काहीतरी लागतं आणि लघवी पातळ करणारी भिंत शाबूत लागते.

आत्याचं दोन्हीकडून बिनसलं होतं. मे महिना, उकाडा, भूक मेलेली. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भाताचे चार घास, रात्री पेज. इतक्या जेवणातून निघणारा ऐवज अंदाजे अडीचशे एकक. किडनी तिची पूर्वीसारखी असती तर पन्नासच्या हिशेबानं तेही पाच लिटर पाण्याबरोबर वाहून गेले असते. पण एचवाल्या गोळीनं लघवी अळणी करणाऱ्या शेवटच्या भिंतीचं दार बंद केलं होतं. समजा लघवी २००च्या खाली पातळ होईना, तर अडीचशे एकक सव्वा लिटरमध्येच संपतात. घाम आणि श्वास यांतून आणखी पाऊण-एक लिटर. आणि आत्या पीत होती तीन लिटर, कारण उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावं असा मेसेज तिला कुणीतरी पाठवला होता आणि तिनं पाण्याच्या बाटल्या मोजून टेबलावर मांडल्या होत्या. उरलेलं पाणी दररोज अंगात राहत गेलं.

फ्युरोसेमाइडनं असं तुलनेनं कमी होतं. ते गाभ्याचा खारटपणाही मोडतं, म्हणजे साठवणनलिकेतून पाणी परत ओढायला बाहेर काही उरत नाही. थायाझाइड गाभ्याला हात लावत नाही. मीठ जातं, पाणी परत ओढण्याची ताकद मात्र तशीच. ताकदीनं सौम्य असलेली गोळी सोडियमच्या बाबतीत जास्त दगा देते, विशेषतः वयस्कर, सडपातळ बायकांना.

आणि आतेभावाचा प्रश्न. रिपोर्टमधलं सोडियम म्हणजे अंगातलं एकूण मीठ नव्हे. ते आहे लिटरमागचं प्रमाण. आमटी अळणी लागते तेव्हा मीठ कमी पडलेलं असू शकतं, किंवा पाणी जास्त झालेलं. आत्याचं थोडं मीठ गोळीनं गेलं होतं हे खरं, पण आकडा पडला तो साचलेल्या पाण्यानं. हृदयविकारात पाय सुजलेल्या माणसाच्या अंगात मीठ गरजेपेक्षा बरंच जास्त असतं आणि रिपोर्टवर सोडियम कमी दिसू शकतं. त्याला कुणी मीठपाणी पाजलं तर सूज वाढेल, दम लागेल. अंगात मीठ किती हे अल्डोस्टेरॉनचं खातं, त्यात पाणी किती हे व्हॅसोप्रेसिनचं. दोन कारकून, दोन वह्या, आणि आपण एकाच आकड्यावरून दोघांचा हिशेब लावतो.

आकडा भराभर वर नेत नाहीत, तेही लोणच्यामुळेच. रक्त अळणी झालं की मेंदूच्या पेशी फुगू नयेत म्हणून हळूहळू स्वतःतले क्षार बाहेर टाकून जुळवून घेतात. अशा वेळी रक्त एकदम खारट केलं तर मिठातल्या फोडीसारखं पेशींतलं पाणी सुटतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चोवीस तासांत आठ-दहा अंकांच्या वर जाऊ देत नाहीत. झटके आले, शुद्ध हरपू लागली तर घट्ट मिठाचं सलाईन देतात, पण तेही मोजून आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासत. घरच्या घरी करण्याचं हे काम नव्हे. आणि बीपीची गोळी स्वतःहून बंद करणं हेही नव्हे.

आत्याला तसं सलाईन लागलं नाही. तिसऱ्या दिवशी १२७, पाचव्या दिवशी १३३. घरी आल्यावर तिनं पहिली चौकशी बरणीची केली. दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तिनं कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं होतं आणि घाईगडबडीत ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पातेलं तसंच झाकलेलं; वर पांढरी बुरशी आणि खाली वाटीभर पाणी.

"फुकट गेलं," ती म्हणाली. मग जेवायला बसल्यावर ताकाचा पेला उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे पाण्यातच धरायचं का गं?"

"धरायचं."

तिनं अर्धं ताक भांड्यात परत ओतलं.